चाळिसाला हातचा

गौतम,

तुझ्या शोकसभेत लोक हसले. तुला ते आवडलं असतं. मला आवडलं नाही, आणि तेवढ्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला होता. तुझा फोटो, मेणबत्त्या, वंदना, सगळं रीतसर झालं. मग माणसं एकेक करून बोलायला उठली. लातूरची नोकरी संपवून तू गावात परत आलास, समाजमंदिरात पोरांना कॉम्प्युटर शिकवलास, कुणाचा साधा चहासुद्धा घेतला नाहीस, असं काय काय बोलले. चहाचं खोटं आहे, पण असू दे. शेवटी माणिकबप्पांचा थोरला मुलगा उठला. त्याचा तुझ्यावर जीव होता, त्यात खोट नाही. पण त्यानं ती पन्नास गुंठ्यांची गोष्ट काढली. "आमचे बप्पा चौथी पास, पण गौतमकाकाच्या कॉम्प्युटरची चूक त्यांनीच धरली," असं तो म्हणाला आणि अख्खा मांडव हसला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पन्नासगुंठे गेला बिचारा."

मी पुढच्या ओळीत होतो. खरी गोष्ट माहीत असलेला त्या मांडवात मी एकटाच, असं मला वाटत होतं. उठून सांगावं असं एकदा मनात आलंही. पण तुला शब्द दिला होता, आणि समोरचा गेला म्हणून शब्द सुटतो असं मी कुठं वाचलेलं नाही. बसून राहिलो. सभा संपल्यावर तुझ्या घरी गेलो आणि तिथं जे कळलं ते तुला सांगायचं आहे. पण मी पडलो सोसायटीचा जुना क्लार्क. मला गोष्ट पहिल्या नोंदीपासूनच सांगता येते. तू यावरून मला किती छळायचास. आता मात्र तुला उठून जाता येणार नाही, तेव्हा ऐक.

पहिली नोंद चिंचोक्यांची. तू वस्तीवरचा, मी धनगरवाड्यातला, शाळेत एका बाकावर. सोजरमाय, म्हणजे तुझी आई, खुरपणीची कामं उक्ती घ्यायची, गुंठ्यावर. ती खुरपायची आणि तू बांधावर बसून मोजायचास. एक गुंठा झाला की एक चिंचोका बाजूला. चाळीस झाले की फडक्यात पुरचुंडी बांधायची, एकर झाला. शाळेत गुरुजी हातचा दहाला घ्यायला सांगायचे आणि तू पाटीवर चाळिसाला घ्यायचास. त्यासाठी तू मार खाल्लास, आणि तुझ्याकडं बघून हसलो म्हणून मीही खाल्ला. आपली दोस्ती तिथून सुरू झाली असं मी धरतो. तू म्हणायचास, त्याच्याही आधीची आहे. हा वाद आता तसाच राहिला.

पुढं तू औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटर शिकलास आणि नोकरी नाही म्हणून गावात परत आलास. मी तोवर आपल्या पाणीपुरवठा सोसायटीत चिकटलो होतो. तळ्यातलं पाणी मोटारीनं उपसायचं, पाटानं रानात सोडायचं, ज्याचं जेवढं रान त्याला तेवढे तास. एकराला चार तास, सरळ हिशेब. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काही दिसणार नाही. पण पाऊस हुकला की आपल्याकडं माणूस भाकरीवरून कमी भांडतो, पाण्याच्या पाळीवरून जास्त.

आणि पाटाला शेपूट असतं. आपल्या पाटाच्या शेपटाला तुमच्या वस्तीची रानं होती. हाडोळ्याची, म्हणजे महारवतनाची, जुनी जमीन, भावाभावांत वाटत वाटत आता एकरात मोजायची सोय राहिली नव्हती. कुणाचे पंधरा गुंठे, कुणाचे पंचवीस. सोजरमायचे तीस, म्हणजे तीन तासांचं पाणी. मी स्वतः माझ्या हातानं यादीत तीन तास लिहायचो. पण तिच्या रानात तीन तास पाणी मी कधी बघितलं नाही. वर कुणीतरी पाट फोडायचं, नाहीतर पाटकरी वेळेआधीच फळी टाकून पाणी अडवायचा, नाहीतर यादीतले आकडे आदल्या दिवशी खाडाखोड होऊन खाली सरकायचे. कोण करतं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारायचं नाही.

अशाच एका दुष्काळी साली माणिकबप्पांनी कॉम्प्युटर आणला. ते सोसायटीचे चेअरमन. उस्मानाबादला कुठल्यातरी प्रदर्शनात त्यांनी तो बघितला आणि सोसायटीला पाहिजेच म्हणून हट्ट धरला. चालवायला गावात शिकलेला तूच, म्हणून तुला ठेवलं. गावात प्यायला टँकर आणि सोसायटीत कॉम्प्युटर, अशी आपली त्या वर्षीची प्रगती. मशीनला थंडावा लागतो म्हणून तू कूलर मागितलास, तेव्हा बायका हातपंपावरून घागरी घेऊन थेट ऑफिसात आल्या होत्या. शेवटी टेबलफॅनवर भागलं. उद्‌घाटनाला बप्पांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. तू बाजूला हात बांधून उभा होतास. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडू नये एवढीच तुझी प्रार्थना होती.

आधी तू त्यात नुसता कॅल्क्युलेटर बसवलास. काळा पडदा, त्यावर हिरव्या रेघांचा चौकोन, चौकोनात आकडे. अधिक, उणे, गुणिले, भागिले. ते बघायला गाव लोटलं. बाहेर चपलांचा ढीग लागला आणि दोघांच्या बदलल्या, त्यावरून वेगळं भांडण झालं. मला काही त्यात राम वाटेना.

"हे तर माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर होतं," मी म्हणालो. "सेल टाकला की झालं."

"तुझं डबडं बेरीज करतं आन् विसरतं," तू म्हणालास. "ह्ये विसरत न्हाय. समद्यांची नावं, समद्यांची रानं एकदा भरली की तास ह्येच काढंल आन् छापून देईल. तुझी खाडाखोड बंद, पाटकऱ्याची बी बंद."

"म्हणजे मीही बंद."

"तू चहा आणायला राहा."

मग एकदम गंभीर होऊन म्हणालास, "मशीनला जात कळत न्हाय, दत्ता." हे वाक्य तू आयुष्यात अनेकदा म्हणालास. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालास. त्याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, त्याकडं नंतर येतो.

यादी मशीननं काढायची, असा ठराव सभेत आला तेव्हा मागून प्रश्न आला होता, "मशीन चालवणारा कुणाकडचा हाय, ते बी सांगा की." सगळ्यांना कळलं काय विचारलं ते. तू उठलास आणि म्हणालास, एकदा रानं भरली की मी आत हात घालणार नाही. सभेनं सांगितलं तरच बदल होईल, एरवी माझ्या बापासाठीसुद्धा नाही. तुझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लोकांना ते पटलं. ठराव झाला.

तू रजिस्टरातली रानं मशीनमध्ये भरलीस. आपल्याकडं दोन एकर पंचवीस गुंठे म्हणजे दोन, टिंब, पंचवीस, असं लिहायची रीत. वाचणाऱ्यालाही ते कळतं, लिहिणाऱ्यालाही. तू रजिस्टरात होतं तसं उतरवलंस. औरंगाबादला इतकी वर्षं शंभराच्या हिशेबात घालवल्यावर हात त्याच वळणानं चालला असणार. मशीनच्या लेखी टिंबापुढचं तीस म्हणजे शंभरातले तीस. चाळिसातले तीस, म्हणजे पाऊण एकर, हे त्याला कोण सांगणार?

गंमत बघ, ज्यांची रानं पूर्ण एकरात त्यांचं काहीच बिघडलं नाही. पाच एकर ते पाचच राहिले. ज्यांच्याकडं नुसते गुंठे, त्यांचा मात्र निम्म्याहून जास्त हिस्सा गेला. पहिल्या चिठ्ठ्या छापून वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी सोजरमाय ऑफिसच्या दारात उभी राहिली. चिठ्ठी तिनं कुणाकडून तरी वाचून घेतली होती. एक तास बारा मिनिटं.

तिची ज्वारी पोटऱ्यात आली होती. त्या वेळी एक पाणी पोटभर मिळालं तर कणीस भरतं, नाहीतर नुसता कडबा, आणि तोही गुडघ्याएवढा. त्या तीस गुंठ्यांवर वर्षाची भाकरी आणि एक म्हैस होती. तासाभरात तर शेपटाकडचा कोरडा पाटच भिजतो, रानात थेंब उतरत नाही. हे मला सांगायला कुणी शहाणा नको होता.

"आदी कागदावर तरी तीन तास आसायचे," ती म्हणाली. "तुज्या मशीननं कागदावरचं बी खाल्लं."

तू चिठ्ठी हातात घेतलीस. मी तुझ्याकडं बघत नव्हतो, तिच्याकडं बघत होतो. "बघतो, माय," एवढं तू म्हणालास. ती गेली आणि तू दार लोटून घेतलंस.

"चाळिसाचा हातचा ऱ्हायला," तू म्हणालास.

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी म्हणालो, मग दुरुस्त कर आणि पुन्हा छाप. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी काही खुळ्यासारखं बोललो आहे. "कुणाचं पाणी वाढंल?" तू विचारलंस. "वस्तीचं. माझ्या आईचं सगळ्यात आधी. आन् मी सभेत काय बोललो? हात घालणार न्हाय म्हणून. आता हात घातला आन् आईचं पाणी अडीच पट झालं, तर ह्या गावात पुन्हा कुणी मशीनचं नाव काढंल? माझं नाव तर सोडच. पुन्हा तुझी खाडाखोड आन् पाटकऱ्याची फळी."

तुझं म्हणणं बरोबर होतं. मला ते तेव्हाही पटलं आणि तेव्हाही राग आला. खरं बोलायचं तर सरळ बोलायचं, ही माझी समजूत. तुझी समजूत अशी की खरं कोण बोलतंय हे बघूनच लोक ते ऐकतात. आपला पुढचा सगळा जन्म या एका भांडणावर चालला.

सभेच्या आदल्या दुपारी मी खोलीत आलो तेव्हा तू कॅल्क्युलेटर उघडून बसला होतास. बप्पांची तीन रानं, त्यांच्या जोड्या लावून बघत होतास. ओढ्याकडचं पाच एकर पाच गुंठे, मळ्याचं सात एकर वीस. मिळवलं तर बारा पंचवीस येतं, त्यात कुणाला काही खुपत नाही. मग मळ्याचं आणि तळ्याखालचं बारा एकर तीस. पडद्यावर आलं १९.५०. त्या पन्नासाकडं बघून तू पहिल्यांदा जरा सैल झालास आणि पडदा पुसलास.

"उद्या बप्पास्नी मशीन दाखवायचंय," तू म्हणालास. "तू काही बोलायचं न्हाय. आजबी न्हाय, उद्याबी न्हाय. आन् मायला तर आजाबात कळू द्यायचं न्हाय. ती हातपंपावर सांगंल."

मी हो म्हणालो.

सभेत तू बप्पांना मशीनसमोर खुर्ची दिलीस. फॅन त्यांच्याकडं वळवलास. म्हणालास, "बप्पा, यादीचं राहू द्या, आधी मशीन बेरीज कशी करतं ते तुमच्या तळ्याखालच्या आन् मळ्याच्या रानावरच बघू." बप्पा खूश. असं कौतुक त्यांना लई आवडायचं.

"तळ्याखालचं घे. बारा एकर तीस गुंठे."

तू दाबलंस.

"मळ्याचं सात एकर वीस."

तू दाबलंस. पडद्यावर एकोणीस, टिंब, पन्नास. बप्पांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"ह्ये काय? एकोणीस एकर पन्नास गुंठे?"

"मशीन तसंच म्हणतंय, बप्पा."

"मशीनच्या गावाला आसंल एकर पन्नासाचा. आपल्यात चाळिसाचा हाय. ह्या दोन रानांचं माजं वीस एकर धा गुंठे हाय, शेंबडं पोर सांगंल." आणि मग मागं वळून लोकांना, "बघा रं, शिकून आलाय."

हशा झाला. तू मान खाली घातलीस. नाटकात तू कधी काम केलं नव्हतंस, शाळेतसुद्धा तुला झाडच करायचे, पण त्या दिवशी तुझा चेहरा बघून मलाही क्षणभर वाटलं की याला खरंच आत्ता कळलंय.

"चुकलं, बप्पा," तू म्हणालास. "मग समद्यांचंच चुकलं आसंल."

"आसंल काय, चुकलंच. माजं पाणी कमी आलंय म्हण की ह्येच्यापायी. समद्यांचं पुन्हा काड. एकाचंबी सोडू नगंस."

एकाचंबी सोडू नगंस. तू याच तीन शब्दांसाठी त्यांना खुर्ची दिली होतीस. बप्पांचे तिन्ही रानांचे मिळून तीन तासांच्या वर बुडाले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. शंभरातले तीन कुणाला दिसतात? तिकडं सोजरमायचे दोन तासांनाही थोडे कमी गेले होते, तर तिचं रानच गेलं होतं. मी मिनिटबुकात लिहिलं, चेअरमनसाहेबांच्या सूचनेवरून दुरुस्ती. अक्षर चांगलं आलं होतं.

तू एकर आणि गुंठे वेगळे भरायची सोय केलीस. चौकोनात दोन खाने, उजव्या खान्यात चाळीस झाले की डावीकडं एक जातो. मला दाखवलंस तेव्हा मी म्हणालो, यात चिंचोके दिसत नाहीत. तू हसलास. नव्या चिठ्ठ्या निघाल्या आणि सकाळच्या पाळीला वस्तीच्या रानात पाणी आलं. बप्पांनी स्वतः काढलेली चूक, त्यामुळं त्या दिवशी पाट फोडायची कुणाची छाती झाली नाही. मी तीन तास शेपटाला उभा होतो. सोजरमाय बाऱ्यांवर बाऱ्या मोडत एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवत होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तू आला नाहीस. आलास तर लोक बघतील म्हणून. ज्वारी भरली, म्हैस राहिली.

आणि त्याच आठवड्यात सोजरमायनं हातपंपावर तुझा उद्धार केला. भर गर्दीत, घागर आपटून. "येवढं शिकीवलं, पर पोराला चाळीस मोजता येईना. बप्पा हुते म्हून कळलं, न्हायतर उपाशी मारत हुता आईला." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पन्नासगुंठे हे नाव त्याच दिवशी पडलं. तू घरी गेलास की ती ताट सरकवायची, बोलायची नाही. तू मला सांगितलंस तेव्हा हसत होतास, पण चहा तसाच निवला होता तुझा.

मी म्हणालो, आईला तरी सांग. तू म्हणालास, पाणी पोचलं ना, मग. मी म्हणालो, पाणी पोचलं पण नाव बप्पांचं झालं. तू म्हणालास, नाव पितंय कोण?

यावर मी तुझ्याशी किती वर्षं भांडलो. सोसायटीची मोटार जळाली, सोसायटी बुडाली, कॉम्प्युटरवर टाकलेलं कापड कुणीतरी उचलून नेलं, तू लातूरला गेलास, आणि आपण भांडतच राहिलो. तुझ्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, त्यात कॅल्क्युलेटर आयताच असायचा. तू मला फोन करून सांगायचास, "ह्याला बी चाळीस येत न्हाय." आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर आपला दोन खान्यांचा कॅल्क्युलेटर बसवायचास. लातूरच्या ऑफिसात त्याचं काय काम होतं, देव जाणे. देव तू मानत नव्हतास, तेव्हा तूच जाणे.

एकदा मी तुला ते उत्तर दिलं, जे मला उशिरा सापडलं होतं. मशीनला जात कळत नाही म्हणतोस, पण गुंठाही कळत नव्हता. आणि आपल्या गावात नुसते गुंठे कुणाकडं होते? न कळून त्यानं केलं ते पाटकरी कळून करत होता, फरक काय पडला? मला वाटलं, आता तू गप्प होशील. तू म्हणालास, "फरक हाय. मशीनला चाळीस शिकवता आले. एका रात्रीत शिकलं. पाटकऱ्याला किती वर्षं शिकवलं असतंस?" मला अजून पटलेलं नाही. शेवटच्या फोनवर मी विषय काढणार होतो, तू खोकत होतास म्हणून राहू दिला.

आता तुझ्या घरचं. पाहुणे पांगले होते. तुझी मुलगी चहा करत होती. सोजरमाय आतल्या खोलीत बाजेवर बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण कान अजून शाबूत. लेक आधी गेल्यावर आईकडं बघवत नाही, मी जमिनीकडं बघत बसलो.

"सभंत हासले म्हनं," ती म्हणाली.

"हसले, सोजरमाय. तुम्ही मनावर घेऊ नका."

"हासू दे की. म्याच शिकीवलंय त्यास्नी हासायला."

मी वर बघितलं.

"तुला ठावं हुतं न्हवं, दत्ता? बोलू नगंस. त्यानं तुला गप केलं आसंल. मला बी ठावं हुतं."

तिलाच बोलायचं होतं.

"चिठ्ठी दावली तवाच त्याचं त्वांड बघितलं म्या. ल्हानपणी चिंचोके चुकले की आसंच व्हायचं. म्हणलं, ह्याला कळलं. मंग बप्पाची सभा व्हईस्तवर गप का बसला? बप्पा शिकीवणार व्हय त्याला चाळीस? माज्या फडक्यातले चाळीस त्यानं मोजल्यात."

"मग हातपंपावर एवढं बोललात ते?"

"न बोलून कसं भागलं आसतं? म्या त्याचं कवतिक केलं आसतं तर गाव म्हणलं आसतं, मायलेकानं मिळून पाणी वडलं. आईच श्या घालतीया म्हणल्यावर कुणाला वास येतुय?"

गौतम, तू म्हणाला होतास, मायला सांगू नको, ती हातपंपावर सांगेल. ती हातपंपावर गेली होती ती तुला झाकायला.

मी विचारलं, इतक्या वर्षांत त्याला का नाही सांगितलंत? तिनं बाजेची सुतळी चाचपली.

"आदी भ्या हुतं. त्याच्या तोंडावर समदं दिसतंय, ठावं हाय न्हवं तुला. म्होरं म्होरं त्यो मला चिडवायचा. माय, तुला काय कळतंय मशीनमदलं, म्हणायचा आन् लई हासायचा. त्याला वाटायचं म्या फसले. म्हणलं, वाटू दे. तेवढंच सुख लेकराला."

तुझी मुलगी चहा घेऊन आली. सोजरमायनं कपबशी हातात धरली, पण प्याली नाही. मला तेव्हा तू निवू दिलेला तो चहा आठवला आणि इतका वेळ आवरलेलं रडू मला तिथं आलं. पोरीला वाटलं, शोकसभेचं असेल.

निघताना म्हातारीनं माझं मनगट धरलं. "शाबास म्हणायचं ऱ्हाऊन गेलं बग त्याला," ती म्हणाली. "तू कायबाय लिवत आसतूस. तेवढं कळीव."

तुझा शब्द मी मोडलेला नाही, हे लक्षात घे. मायला कळू देऊ नको म्हणाला होतास, तिला माझ्याकडून काही कळलं नाही. आता तिचा निरोप माझ्याकडं आला आहे. मी क्लार्क माणूस, आलेलं टपाल ज्याचं त्याला पोचवायचं एवढंच मला येतं. सोजरमायनं सांगितलंय, शाबास.